कचऱ्यातला वाटा

भिवंडीचा यंत्रमाग धंदा उभा राहिला तोच दुसऱ्यांनी मोडीत काढलेल्या यंत्रांवर. मुंबईच्या गिरण्या जुने साचे, म्हणजे माग, विकायला काढायच्या आणि इथले कारखानदार ते भंगाराच्या भावाने उचलायचे. ट्रकमधून सांगाडे उतरले की फिटर झिजलेले गिअर बदलायचा, सुतार लाकडी भाग नवे बसवायचा, वरून रंगाचा हात फिरायचा आणि त्याच साच्यावर पुढची वीस-तीस वर्षं कापड निघायचं. लँकेशायरमध्ये ओतलेलं बीड परळ-लालबागला एक जन्म जगलं आणि भिवंडीला दुसरा.

हल्ली कंपन्यांमध्ये कामगारांना पर्यावरण जपणाऱ्या सवयी लागाव्यात म्हणून शिबिरं होतात, भिंतीवर फलक लागतात, शपथा घेतल्या जातात. हेतू चांगलाच आहे. पण काम करणारा माणूस काय वाचवतो, काय वाया घालवतो आणि का, हे समजून घ्यायचं असेल तर आमच्या भिवंडीतल्या यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडांचा इतिहास पाहावा. तिथे या सवयी कधी आपोआप रुजल्या, कधी कितीही सांगून रुजल्या नाहीत, आणि दोन्ही वेळेला कारण एकच होतं.

मी मूळचा मुंबईच्या गिरणगावातला. साचेखात्यात कामाला होतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. कोणी गावी गेलं, कोणी भाजीची गाडी लावली. मला भिवंडीत एका कारखान्यात मेहता म्हणून काम मिळालं. मेहता म्हणजे हजेरी, सुताची आवकजावक, ताग्यांचा हिशेब आणि कामगारांची भांडणं, सगळं पाहणारा माणूस. गिरण्यांचं काम जसजसं बाहेर जाऊ लागलं, तसे आमच्याकडे माग वाढत गेले. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने यंत्रमागांवरची बरीच बंधनं सैल केली आणि त्या वाढीला सरकारी संमतीही मिळाली.

पण भिवंडीचं विणकाम त्याहून कितीतरी जुनं. १८५७ च्या उठावानंतरच्या धरपकडीतून आणि उपासमारीतून उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर आग्रा रोड धरून दक्षिणेकडे उतरले. काही बऱ्हाणपूरला राहिले, काही मालेगावला, काही थेट भिवंडीपर्यंत आले. घरात हातमाग, गल्लीत पांजणी, म्हणजे उभ्या सुताला खळ लावणं. पुढे तेलंगणातले पद्मशाली विणकर आले. पद्मानगर आणि कामतघर भागात आजही दुकानांवर तेलुगू पाट्या दिसतात. १९३० च्या दशकात यंत्रमाग आले आणि हळूहळू घराघरातला हातमाग मागे पडला.

हातमागाच्या घरात काटकसर कोणी शिकवावी लागत नव्हती. व्यापारी सूत तोलून द्यायचा आणि कापड तोलून घ्यायचा. ठरल्यापेक्षा जास्त तूट आली तर ती विणकराच्या मजुरीतून कापली जायची. त्यामुळे धागा तुटला की फेकायचा नाही, गाठ मारायची, हे पोरांना खेळता खेळता कळायचं. घरातली म्हातारी माणसं गुंता सोडवत बसायची. व्यवहार कडक होता, प्रसंगी क्रूर होता, पण एक गोष्ट त्यात स्पष्ट होती: ज्याच्या हातून सूत वाया जाईल, त्याच्याच ताटातली भाकरी कमी होईल, आणि जो सूत वाचवेल, ते त्याचंच वाचेल.

यंत्रमागाने हे नातं तोडलं. सूत शेठचं किंवा शेठला जॉबवर काम देणाऱ्या व्यापाऱ्याचं. माग शेठचा, वीज शेठची. विणकर उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेला. बारा तासांची पाळी, पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर, किंवा मीटरवर मजुरी, दोन वेळचं जेवण बिशीत, म्हणजे कामगारांच्या खानावळीत. जितकं कापड निघेल तितके पैसे. सूत वाचवण्याचे पैसे नाहीत.

याचा परिणाम कसा होतो ते कांडीवर दिसतं. साध्या मागावर धोट्यात कांडी असते आणि कांडीवर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. माग मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. कापडाचा पन्हा सव्वा मीटर धरला तर मिनिटाला पावणेदोनशे-एकशे नव्वद मीटर सूत संपतं. म्हणजे कांडी सहा-सात मिनिटांत रिकामी. एका माणसाकडे सहा माग असतील तर दर मिनिटाला कुठला तरी एक धोटा कांडी मागतोच. बाराही तास. शेवटच्या वेढ्यापर्यंत वाट पाहिली तर सूत संपून माग थांबतो, कधी कापडात पट्टा पडतो आणि मग मजुरी कापली जाते. म्हणून अनुभवी विणकर काय करतो? कांडी पुरती संपण्याआधीच बदलतो. तळाशी सुताचे काही वेढे राहतात. एका कांडीवरचे वेढे म्हणजे काहीच नाही. पण पाळीअखेरीला टोपल्यांचा ढीग पाहिला की कळतं की हे सूत कापसापासून पिंजलं, कातलं, शेकडो मैल आणलं, कांडीवर भरलं आणि कापड न होताच केरात निघालं.

त्याहून मोठं नुकसान पुढे व्हायचं. कांडी भरणारी पोरं उरलेलं सूत उतरवायला ब्लेड मारायची. ब्लेडने काम झटपट होतं, पण लाकडावर चरा उमटतो. त्या चऱ्यात पुढच्या वेळी सूत अडकतं, तुटतं, माग थांबतो. म्हणजे कांडीवाल्याने वाचवलेल्या पाच सेकंदांची किंमत विणकर मोजतो, आणि विणकराच्या घाईचा ढीग कांडीवाल्याच्या टोपलीत पडतो. दोघं एकमेकांना शिव्या द्यायचे. दोघांचंही बरोबर असायचं.

मी गिरणीच्या शिस्तीत वाढलेला. आधी बोलून पाहिलं, मग रागावून पाहिलं. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातला एक वयस्कर विणकर होता, हाताला फार स्वच्छ. तो शांतपणे मला म्हणाला, "मेहताजी, सूत सेठ का, कचरा भी सेठ का. फिर मैं देखके क्या करूँ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण कचऱ्याचे पैसे खरोखरच शेठकडे जात होते. वेस्ट घेणारा व्यापारी यायचा, पोती तोलायचा, नोटा मोजून द्यायचा. स्वच्छ पांढऱ्या सुताला चांगला भाव, रंगीत सुताला त्याहून कमी, तेलकट झाडझुडीला नाममात्र. ते सूत पुढे यंत्रं पुसायला गॅरेजांत जायचं, काही पुन्हा पिंजून जाड धागा कातायला जायचं. कामगारांना हे सगळं दिसत होतं.

मी शेठकडे शब्द टाकला की वेस्टच्या पैशातला अर्धा हिस्सा कामगारांना द्या. त्यांना पटायला वेळ लागला, पण पटलं. शेडच्या कोपऱ्यात तीन पोती टांगली: पांढरं, रंगीत, तेलकट. शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी पाळी सुटताना सगळ्यांसमोर वजन करायचं आणि आकडा खडूने दारावर लिहायचा. दुसरी अट मीच घातली. वेस्ट जास्त निघालं तर विक्रीचे पैसे जास्त, मग लोक मुद्दाम सूत टाकतील. म्हणून वेस्ट ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिलं तर वाचलेल्या सुताच्या किमतीतूनही वाटा द्यायचा. हा दुसरा वाटा पहिल्यापेक्षा मोठा ठेवला.

पुढे ब्लेड आपोआप बंद झाली. पोरं सूत हाताने ओढून काढू लागली, कारण चरा पडलेली कांडी विणकर आता स्वतःच बाजूला काढून द्यायचे आणि कोणी चरा पाडला याची चौकशी व्हायची. कोणी सांगितलं नसताना एकाने तेलाच्या कॅनखाली पत्र्याचं ताट ठेवलं, म्हणजे ठिबकलेलं तेल पांढऱ्या पोत्यात जाणार नाही. वाट्याची रक्कम फार नव्हती. रमझानमध्ये आणि दिवाळीत ती एकत्र वाटली जायची. पण तिच्यामुळे कचरा हा शेडचा सामाईक विषय झाला.

असं काही मोठ्या प्रमाणावर अहमदाबादला आधीच होऊन गेलं होतं, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. १९५३ मध्ये साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राईस आले. तिथे स्वयंचलित मागांचं २२४ मागांचं खातं होतं. यंत्रं नवी, कामगार कुशल, तरी उत्पादन अपेक्षेपेक्षा कमी आणि खराब कापड जास्त. राईस यांनी पाहिलं तर कामाचे बारा तुकडे केलेले: विणणारा वेगळा, कांडी भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा, झाडणारा वेगळा, आणि कोणाचा कोणाशी संबंध नाही. त्यांनी सुचवलं की लहान गट करावेत आणि ठरावीक माग एका गटाच्या स्वाधीन करावेत. कामगारांनी ती कल्पना उचलली आणि गटही आपापसांत स्वतःच ठरवले. उत्पादन वाढलं, खराब माल घटला. १९७० मध्ये त्याच संस्थेचे एरिक मिलर पुन्हा पाहणीला गेले, तेव्हा एके ठिकाणी ती पद्धत टिकून होती, इतर ठिकाणी बाजाराच्या दबावाखाली जुन्या वळणावर गेली होती. हा दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सवय लावणं हे एकदाचं काम नाही. व्यवस्थेने हात काढला की सवयही जाते.

विजेची गोष्टही अशीच. गिरणीत आमच्या जुन्या खात्यात लांबच लांब शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांवर सगळे साचे चालायचे. एक साचा थांबवला तरी विजेत फारसा फरक नाही. भिवंडीत प्रत्येक मागाला स्वतःची मोटर, साधारण एक अश्वशक्तीची. इथे बचतीला वाव होता. पण विणकर हँडल ओढून माग थांबवतो तेव्हा मोटर चालूच राहते. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, मोठी तूट झाली, दहा-वीस धागे एकदम गेले, तर ते भरायला अर्धा तास लागतो आणि तोवर मोटर उगाच फिरते.

एक काळ असा होता की त्याची कोणालाच फिकीर नव्हती. मीटर जुनी, आकडे टाकून घेतलेली वीज सर्रास, वर तासन्‌तास भारनियमन. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणने भिवंडीचं वीजवितरण टोरेंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून सोपवलं. देशातला असा हा पहिलाच प्रयोग. त्या वेळी वीजगळती आणि वसुलीतली तूट मिळून तोटा ५८ टक्क्यांच्या घरात होता. मीटर बदलली, वाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मर सुधारले आणि काही वर्षांत तो तोटा विसाच्या आसपास आला. बिलांवरून शहरात वाद झाले, तो विषय वेगळा. शेडमध्ये मात्र मालकांना पहिल्यांदा आपली वीज आकड्यात दिसली, आणि भिंतीवर पाट्या लागल्या: मोटर बंद करा.

पाटी कोणी पाळली नाही. मी उभा राहून पाहिलं तेव्हा कारण डोळ्यांसमोरच होतं. स्टार्टर मागच्या भिंतीवर होते. तिथे जायचं तर दोन मागांच्या मधल्या अरुंद पट्टीतून, धावत्या पट्ट्यांना अंग चोरत जायचं आणि परत यायचं. तेवढ्यात उरलेल्या पाच मागांपैकी दोन कांडी मागायला लागलेले. आम्ही वायरमन लावून बटण मागाच्या सांगाड्यावर, हँडलच्या शेजारी आणलं. हँडल ओढणारा हातच पुढे जाऊन बटण दाबू लागला. पाटी नंतर धुळीने भरून गेली, तिची गरज उरली नव्हती. चांगल्या सवयीची किंमत कामगाराच्या वेळातून आणि जिवातून वसूल होत असेल तर ती सवय लागणार नाही, आणि लागावी अशी अपेक्षाही करू नये.

याचं सगळ्यात दुखरं उदाहरण धोट्याचं. जुन्या धोट्याच्या टोकाजवळ एक बारीक डोळा असतो. नवी कांडी घातली की त्या डोळ्यातून सूत बाहेर काढावं लागतं, आणि विणकर धोट्याला तोंड लावून ते श्वासाने ओढतो. लँकेशायरमध्येही असंच करायचे. सुताबरोबर तूस, खळ, कधी रंग तोंडात जातो. वर तोच धोटा दिवसपाळीवाल्याच्या तोंडातून रातपाळीवाल्याच्या तोंडात. आजार पसरायला यापेक्षा सोपी वाट कोणती? आम्ही प्रत्येक मागाला तारेचा आकडा दोरीने बांधला. लोकांनी वापरून पाहिला आणि सोडून दिला, कारण आकड्याला दोन-तीन सेकंद जास्त लागतात आणि दर मिनिटाला कांडी बदलणाऱ्याला ते सेकंद मजुरीतून जातात. शेवटी खाच असलेले धोटे आणले. त्यात सूत बोटाने सरकवलं की बसतं. खर्च मालकाने केला आणि तोंड लावणं त्या आठवड्यापासून संपलं. सवय कामगाराची होती, पण ती बदलण्याचं साधन मालकाच्या हातात होतं.

हे सगळं शेडच्या चार भिंतींच्या आतलं. भिंतीबाहेर भिवंडीने जे केलं त्याचा अभिमान बाळगता येत नाही. ताण्याच्या सुताला खळ लावणाऱ्या साइझिंगच्या बॉयलरना वाफ लागते. लाकूड महाग झालं तेव्हा काही ठिकाणी चिंध्या, प्लास्टिक, हाताला येईल ते भट्टीत गेलं आणि धूर वस्तीवर उतरला. डाइंगचं रंगीत पाणी कामवारी नदीत गेलं. कांडीवरचे वेढे जपणाऱ्या शहराने नदी वाया घालवली. कारण तेच, उलट्या बाजूने. नदी कोणाच्याच वहीत खर्चाच्या बाजूला नव्हती. जे तोलता येत होतं ते वाचवलं, जे कोणी तोललं नाही ते वाहून गेलं.

कायद्यानेही इथे फारशी मदत केली नाही. १९४८ चा कारखाने कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा किंवा अधिक कामगार असले की लागू व्हायचा. त्यामुळे एकाच छपराखालच्या मागांचे वेगवेगळ्या नावांनी तुकडे करण्याची चाल पडली, आणि हवा, पाणी, स्वच्छता, सुरक्षितता यांचे नियम कागदावर राहिले. ज्या कामगाराच्या डोक्यावरचा पत्रा तापतो आणि ज्याच्या छातीत तूस जातं, त्याला पृथ्वीची काळजी घे म्हणून सांगायला तोंड कसं उघडायचं?

१ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारच्या पॉवरटेक्स इंडिया योजनेचा आरंभ भिवंडीतच झाला. साधे माग सुधारण्यासाठी मदत, सौरऊर्जेसाठी साहाय्य, सुताची बँक अशा तरतुदी तिच्यात होत्या. त्याच वर्षी साथी नावाची योजना जाहीर झाली: वीज कमी खाणारे माग आणि मोटरी सरकारी कंपनीने घाऊक घ्यायच्या, छोट्या कारखानदाराला आधी पैसे न घेता द्यायच्या आणि विजेच्या बचतीतून हप्ते फेडून घ्यायचे. कल्पना मला मनापासून आवडते, कारण तिच्यात बचतीचा वाटा मालकापर्यंत पोचतो. तो आणखी एक पायरी खाली, माग चालवणाऱ्यापर्यंत उतरायला हवा होता. नवीन यंत्र आलं म्हणजे वाया जाणं थांबतं असंही नाही. रेपिअर मागाला धोटा नाही, कांडी नाही, पण तो प्रत्येक आडवा धागा काठाशी कापतो आणि त्या कापलेल्या टोकांची वेगळीच पट्टी दिवसभर बाहेर पडत राहते. तिची रुंदी किती ठेवायची, हे पुन्हा मागापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या लक्षावर अवलंबून.

आता भिवंडीची ओळख बदलते आहे. माणकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडा, वळ या गावांत मैलोन्‌मैल गोदामं पसरली आहेत. देशभर घरपोच जाणाऱ्या मालाचे खोके तिथे भरले जातात. आमच्या विणकरांची मुलं तिथे पॅकिंग करतात, मालाची छाननी करतात. त्या भिंतींवरही झाडांची चित्रं आणि घोषवाक्यं आहेत. पुठ्ठा जपा, प्लास्टिक कमी वापरा, दिवे बंद करा. तिथेही तासाला किती खोके झाले यावर काम मोजलं जातं, आणि तिथेही पुठ्ठ्याची रद्दी विकली जाते.

तिथल्या व्यवस्थापकांना माझं सांगणं आहे. घोषवाक्य लिहिण्याआधी तासाचं लक्ष्य थोडं कमी करा, म्हणजे योग्य मापाचा खोका शोधायला मुलाला वेळ मिळेल. टेप आणि कात्री त्याच्या हाताशी ठेवा. रद्दी त्याच्यासमोर तोला, भाव त्याला सांगा, आणि वाचलेल्या मालाच्या किमतीतला हिस्सा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रमाणात त्याच्या पगारात घाला. मालकाने स्वतःचा धूर आणि स्वतःचं सांडपाणी त्याच वहीत लिहावं, म्हणजे कामगाराला कळेल की हिशेब सगळ्यांना सारखा आहे. काटकसर भिवंडीच्या रक्तात आहे, ती शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. तिच्या फळातला वाटा मात्र इथल्या माणसाला मागूनसुद्धा क्वचितच मिळाला. तो द्या, आणि मग सवयीचं काय होतं ते पाहा.